‘गुड’ की ‘वेल’, ‘फास्टर’ की ‘मोर फास्ट’: इंग्रजीतली क्रियाविशेषणं आणि त्यांची तुलना, मराठी कानासाठी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी नववी ते बारावीची मुलं इंग्रजीला येतात, आणि शनिवार-रविवारी भंवरकुआंला राहून बँकेची नाहीतर एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणारी थोडी मोठी मुलं येतात. दोन्ही बॅचमधे मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक एकच आहे, ‘शी सिंग्ज गुड’. हुशार मुलं करतात, ज्यांना पुस्तकातलं टेबल तोंडपाठ आहे तीही करतात. गुड म्हणजे ॲडजेक्टिव्ह (विशेषण), वेल म्हणजे ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण), विचारलं की धाडकन सांगतात आणि पुढच्याच वाक्यात परत ‘गुड’. म्हणजे पाठांतर कमी पडत नाहीये, गडबड दुसरीकडे आहे, आणि मला ती इंग्रजीच्या नाही तर मराठीच्या व्याकरणात सापडली.

आपण काय म्हणतो बघा. ती चांगली गाते. तो चांगला गातो. बाळ चांगलं गातं. इथे ‘चांगली’ हा शब्द गाण्याबद्दल सांगतोय, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं, पण बदलतोय मात्र कर्त्याच्या लिंगाप्रमाणे, अगदी विशेषणासारखा. ‘चांगली मुलगी’ मधला चांगली आणि ‘चांगली गाते’ मधला चांगली दिसायला ऐकायला एकच. हिंदीतही तेच, अच्छी लड़की, अच्छी गाती है. आपल्या इंदूरच्या मुलांच्या कानावर दिवसभर ह्या दोनच भाषा, आणि दोन्हींत हा फरक शब्दाच्या रूपात दिसत नाही, मग इंग्रजी लिहिताना तो आपोआप कसा सुचणार? सुचत नाहीच. म्हणून थांबून आपल्याच वाक्याला एक प्रश्न विचारायची सवय लावावी लागते.

पायरी पहिली: ‘अच्छे से’ लावून बघा

इंदूरमधे राहण्याचा एक फायदा आहे, हिंदी आपल्या तोंडात आयती असते. वाक्यात ‘अच्छे से’, ‘धीरे से’, ‘ध्यान से’ असं काही बसत असेल किंवा मराठीत ‘चांगल्या प्रकारे’, ‘शांतपणे’, ‘काळजीपूर्वक’, ‘आनंदाने’ असं म्हणता येत असेल, तर इंग्रजीत ॲडव्हर्ब पाहिजे. ‘वो अच्छे से गाती है’ बरोबर वाटतं, म्हणून ‘शी सिंग्ज वेल’. ‘तो चांगला मुलगा आहे’ ह्यात ‘अच्छे से’ घुसवून बघा, बसतच नाही, म्हणून ‘ही इज अ गुड बॉय’.

ही टेस्ट मला आवडते कारण जिथे पुस्तकं वेगळा नियम शिकवतात तिथेही ती चालते. छप्पन दुकान ह्या खाऊगल्लीत पोहे खाल्ले आणि म्हणायचंय, पोहे छान लागतात. मुलं नियम आठवून लिहितात ‘द पोहा टेस्ट्स वेल’, कारण क्रियापदाला ॲडव्हर्ब लावायचा असतो ना! पण ‘पोहे अच्छे से लगते हैं’ असं कोणी म्हणेल का? नाही. म्हणून ‘द पोहा टेस्ट्स गुड’. लुक, स्मेल, टेस्ट, साउंड, फील ही क्रियापदं कर्ता काय करतोय ते सांगत नाहीत, तो कसा आहे ते सांगतात, म्हणून त्यांच्यापुढे ॲडजेक्टिव्ह. वाईट वाटलं तर ‘आय फील बॅड’, ‘बॅडली’ नाही. पण जिलेबीचा वास तुम्ही स्वतः नाक लावून घेताय तेव्हा ते काम झालं, ‘आय स्मेल्ड द जलेबी केअरफुली’, आणि जिलेबीलाच वास येतोय तेव्हा ‘द जलेबी स्मेल्स स्वीट’. शब्द तोच, कोण काय करतंय ते बदललं.

आणि ॲडव्हर्ब फक्त क्रियापदालाच लागतो असंही नाही. तो ॲडजेक्टिव्हला लागतो, ‘रियली हॉट’, दुसऱ्या ॲडव्हर्बला लागतो, ‘व्हेरी स्लोली’, आणि कधी अख्ख्या वाक्याला लागतो, ‘लकिली, द बस वॉज लेट’, म्हणजे नशीब की बस उशिरा आली. एवढं लक्षात असलं की पुरे.

पायरी दुसरी: शब्द तयार करणं

बहुतेक ॲडव्हर्ब ॲडजेक्टिव्हला ‘ली’ जोडून होतात. हा ‘ली’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘सारखा, त्या रूपाचा’ अशा अर्थाचा शब्द झिजून राहिलेला आहे, इंग्रजीतला ‘लाइक’ त्याच्याच घरचा. आपल्या ‘पणे’चं काम तो करतो, शांत-शांतपणे तसं क्वाएट-क्वाएटली.

स्पेलिंगमधे मार्क जातात म्हणून एवढं बघून ठेवा. शेवटी व्यंजन आणि वाय असेल तर वायचा आय होतो, ईझी-ईझिली, हॅपी-हॅपिली. शेवटी व्यंजन आणि त्यापुढे एल, ई असेल तर ई जाऊन तिथे वाय येतो, जेंटल-जेंटली, सिंपल-सिंपली. शेवटी आयसी असेल तर ए, एल, एल, वाय असं लांब शेपूट लागतं, बेसिक-बेसिकली, फक्त पब्लिकला ते लागत नाही, सरळ ‘ली’. ट्रू मधला ई पडतो, ट्रूली. आणि केअरफुल, ब्यूटिफुल ह्यांना ली लावताना एल दोनदा लिहायचा, हे माझ्या बॅचमधे निम्मी मुलं विसरतात.

आता फसवे शब्द, इथे घाई करू नका. फ्रेंडली, लव्हली, लोनली, सिली, अग्ली ह्यांच्या शेवटी ली आहे पण ही सगळी ॲडजेक्टिव्ह आहेत. ‘ही टॉक्ड फ्रेंडली’ नाही म्हणायचं, ‘ही टॉक्ड इन अ फ्रेंडली वे’. उलट फास्ट, हार्ड, अर्ली, लेट, हाय, स्ट्रेट हे दोन्हीकडे तसेच्या तसे चालतात. ‘फास्टली’ असा शब्द आजच्या इंग्रजीत नाही. किती वेळा सांगितलं तरी ‘फास्टली’ येतोच, कारण मुलाने एकदा ली चा नियम शिकला की तो सगळीकडे लावतो, त्यात त्याची काही चूक नाही.

सगळ्यात धोक्याची जोडी म्हणजे हार्ड आणि हार्डली. माझ्याकडच्या एका मुलाने नोकरीच्या अर्जात लिहून आणलं होतं, ‘आय हॅव वर्क्ड हार्डली फॉर टू इयर्स’. त्याला म्हणायचं होतं दोन वर्षं कष्ट केले, आणि लिहिलं गेलं दोन वर्षं जेमतेमच काम केलं. अर्ज पाठवायच्या आधी दाखवला म्हणून बरं, त्याने खरंच पहाटे उठून अभ्यास केलेला होता आणि एका ली मुळे तो सगळा पुसला गेला असता. तेव्हापासून मी हे चार फरक पहिल्या महिन्यातच घेते. हार्ड म्हणजे कसून, हार्डली म्हणजे जेमतेम. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे हल्ली. निअर म्हणजे जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ. हाय म्हणजे उंच, हायली म्हणजे अत्यंत, बरेचदा कौतुकाच्या सुरात, ‘हायली रिस्पेक्टेड’.

पायरी तिसरी: तुलना

आपल्या तुलनेत मुख्य शब्दाला काहीच होत नाही. ‘तो माझ्यापेक्षा जोरात पळतो’, जोरात तसंच राहिलं, सगळा भार ‘पेक्षा’ने उचलला. फार तर मधे ‘जास्त’ घालतो. इंग्रजीत मात्र दोन गोष्टी लागतात, शब्दालाही बदलायचं आणि ‘दॅन’ही लावायचं. ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ एवढंच डोक्यात ठेवलं तर ‘ही रन्स फास्ट दॅन मी’ असं अर्धवट वाक्य होतं, आणि ‘जास्त’ म्हणजे ‘मोर’ हे पण डोक्यात असलं की ‘ही रन्स मोर फास्टर दॅन मी’.

तीन पट्टे समजून घ्या, आणि त्यासाठी आपलं होळकर स्टेडियम घेऊ. २२ डिसेंबर २०१७ ला रोहित शर्माने तिथे श्रीलंकेविरुद्ध टी-ट्वेंटीत ३५ चेंडूंत शतक केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे डेव्हिड मिलरनेही ३५ चेंडूंतच केलं होतं. दोघं सारखे, म्हणून पहिला पट्टा, ‘रोहित रीच्ड हिज हंड्रेड ॲज फास्ट ॲज मिलर’. दोन ‘ॲज’च्या मधे शब्द साधाच राहतो, त्याला ईआर लावायचा नाही. मग २०२३ मधे नेपाळच्या कुशल मल्लाने ३४ चेंडूंत केलं, एक चेंडू कमी. दुसरा पट्टा, ‘मल्ला रीच्ड इट फास्टर दॅन रोहित’. आणि २०२४ मधे एस्टोनियाच्या साहिल चौहानने २७ चेंडूंत. ह्या चौघांत सगळ्यात झटपट तो, म्हणून तिसरा पट्टा, ‘ऑफ द फोर, चौहान रीच्ड इट फास्टेस्ट’. इथे फास्टेस्टच्या आधी ‘द’ लावला तरी चालतं, नाही लावला तरी चालतं. मराठीतलं ‘चौघांत’ इंग्रजीत ‘ऑफ द फोर’ होतं, आणि जागा किंवा गट असेल तर ‘इन’ येतं, ‘इन द क्लास’, ‘इन द टीम’.

आता ईआर की मोर, ह्याचा नियम अगदी सरळ आहे. ली नसलेला छोटा शब्द असेल तर ईआर, ईएसटी: फास्टर, हार्डर, लेटर, सूनर, हायर, लाँगर, निअरर. ली लावून झालेला शब्द असेल तर मोर, मोस्ट: मोर केअरफुली, मोस्ट क्लिअरली. अर्ली दिसतो ली वाला पण जातो ईआरकडे, अर्लियर. ऑफनला साधारणपणे मोर ऑफन म्हणतात.

इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ अति-विलंबित ख्यालासाठी ओळखले जातात, आणि ज्यांच्या घरी गाणं आहे त्या मुलांना मी तिथूनच समजावते. मध्य लयीपेक्षा विलंबित सावकाश, आणि अति-विलंबित त्याहून सावकाश. ‘ही सँग मोर स्लोली दॅन अदर्स’. आता कोणी म्हणेल टीव्हीवर तर ‘ड्राइव्ह स्लोअर’ ऐकतो आम्ही. बरोबर, बोलताना स्लोअर, क्विकर, लाउडर सर्रास चालतं, त्याला चूक म्हणून मुलाला टोकू नका, पण परीक्षेत लिहिताना मोर स्लोली, मोर क्विकली लिहा, तिथे तपासणाऱ्याला शंका घ्यायला जागाच राहात नाही.

नियमात न बसणारे पाच आहेत आणि हे मात्र पाठच करावे लागतात. वेल, बेटर, बेस्ट. बॅडली, वर्स, वर्स्ट. मच, मोर, मोस्ट. लिटल, लेस, लीस्ट. फार, फार्दर किंवा फर्दर, आणि शेवटी फार्देस्ट किंवा फर्देस्ट. अंतराला फार्दर आणि फर्दर दोन्ही चालतात पण ‘पुढे, आणखी’ ह्या अर्थाला फर्दरच, ‘वी विल डिस्कस इट फर्दर’.

कमीपणा दाखवायला ‘लेस’ आहे, ‘लेस क्लिअरली’, पण इंग्रजीत त्यापेक्षा ‘नॉट ॲज क्लिअरली ॲज’ जास्त सहज वाटतं. मराठीतही आपण ‘तो माझ्यापेक्षा कमी स्पष्ट बोलतो’ असं फारसं म्हणत नाही, ‘तो माझ्याइतकं स्पष्ट बोलत नाही’ असंच म्हणतो. इथे दोन्ही भाषांचा कल एकच आहे, त्याचा फायदा घ्या.

‘मोर बेटर’ का सुटत नाही

ह्यावर थोडं जास्त बोलते कारण मला हे फार जवळचं वाटतं. संस्कृतात श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ ह्या शब्दांत जो ‘इष्ठ’ आहे तो तमभावाचा प्रत्यय आहे, ज्येष्ठ म्हणजेच सगळ्यात मोठा. इंग्रजीतला ईएसटी आणि हा इष्ठ भाषाशास्त्राप्रमाणे एकाच मुळातून आलेत. बेस्ट आणि श्रेष्ठ एकापाठोपाठ म्हणून बघा, शेवट कानाला जुळतो. पण मराठीत येईपर्यंत इष्ठचा ‘सगळ्यात’ हा अर्थ आपल्याला जाणवेनासा झाला, म्हणून आपण बिनदिक्कत ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, ‘ज्येष्ठतम’ सुद्धा म्हणतो, म्हणजे तमभाव दोनदा लावतो, आणि मराठीत ते कानाला खटकत नाही. तीच सवय इंग्रजीत गेली की ‘मोस्ट बेस्ट’. इंग्रजीत बेटरच्या पोटात मोर आधीच आहे, फास्टेस्टच्या पोटात मोस्ट आधीच आहे. मुलांना मी एवढंच सांगते की ईआर आणि मोर एका वाक्यात एकाच शब्दाला दिसले की एक खोडा.

पण मग ‘खूपच चांगलं’, ‘कितीतरी जोरात’ कसं म्हणायचं? मुलं तिथे ‘व्हेरी’ लावतात, ‘व्हेरी बेटर’, तेही चालत नाही. तुलनेच्या रूपाआधी मच, इंग्रजीतला ‘फार’ किंवा अ लॉट लावायचं: ‘मच बेटर’, ‘फार मोर केअरफुली’, ‘अ लॉट फास्टर’. थोडंसंच असेल तर ‘अ लिटल’ नाहीतर ‘अ बिट’. व्हेरी फक्त साध्या रूपाला, व्हेरी वेल, व्हेरी फास्ट.

दोन रचना मात्र मराठी मुलांना पटकन येतात. ‘जितकं... तितकं’ जसंच्या तसं इंग्रजीत आहे, ‘द मोर... द मोर’. जितकं जास्त वाचशील तितकं चांगलं लिहिशील, ‘द मोर यू रीड, द बेटर यू राइट’. दोन्ही ‘द’ हवेतच, एक विसरलं की वाक्य पडतं. आणि ‘अधिकाधिक’ला ‘मोर अँड मोर’, गाडी जास्तच जोरात जोरात जायला लागली तर ‘फास्टर अँड फास्टर’. पण साधं हळूहळू म्हणायचं असताना ‘स्लोली स्लोली’ लिहू नका, इंग्रजीत शब्द असा दोनदा म्हणत नाहीत, ‘स्लोली’ एकदाच किंवा ‘ग्रॅज्युअली’.

पायरी चौथी: जागा

मराठीत क्रियापद शेवटी असतं आणि क्रियाविशेषण त्याला चिकटून येतं, ‘ती इंग्रजी अस्खलित बोलते’. ती चिकटायची सवय घेऊन मुलं लिहितात ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म ह्यांच्या मधे कोणी शिरलेलं चालत नाही, ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’. तुलनाही त्याच जागी, ‘शी स्पीक्स इंग्लिश मोर फ्लुएंटली दॅन हर ब्रदर’. ‘भावापेक्षा’ आपण आधी म्हणतो, इंग्रजीत ते शेवटी जातं.

एकाच वाक्यात कसं, कुठे, कधी असे तीन आले तर इंग्रजीचा नेहमीचा क्रम तोच, कसं-कुठे-कधी. ‘दे डान्स्ड हॅपिली ॲट राजवाडा ऑन रंगपंचमी’. आपल्याकडे उलटं असतं, रंगपंचमीला राजवाड्यावर आनंदाने नाचले. म्हणजे मराठी वाक्य लिहून शेवटाकडून उलट वाचत गेलं की क्रम बहुतेक वेळा बरोबर येतो, ही युक्ती लहान मुलांना फार आवडते. ऑलवेज, ऑफन, नेव्हर हे मुख्य क्रियापदाआधी, पण इज, ॲम, आर च्या नंतर: ‘ही ऑलवेज कम्स लेट’, ‘ही इज ऑलवेज लेट’. ‘इनफ’ हा ॲडजेक्टिव्ह किंवा ॲडव्हर्बच्या नंतर येतो, ‘फास्ट इनफ’, पुरेसं जोरात.

आणि ‘दॅन’नंतर थोडं सांभाळा. ‘आय हेल्प यू मोर दॅन हिम’ म्हणजे मी त्याला जेवढी मदत करतो त्याहून जास्त तुला, की तो तुला करतो त्याहून जास्त मी? मराठीतही ‘त्याच्यापेक्षा मी तुला जास्त मदत करतो’ दोन्हीकडे झुकतं. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘मोर दॅन ही डझ’ लिहा, संशय संपला. तसंच वर्गातलीच मुलगी वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जोरात पळते तर ‘दॅन एनी अदर गर्ल’, हा ‘अदर’ गाळला तर ती स्वतःपेक्षाही जोरात पळते असा अर्थ होतो.

आता वहीत करून बघा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत लिहा, मोबाइल बाजूला ठेवून, आणि प्रत्येकाला आधी ‘अच्छे से’वाला प्रश्न विचारा. सेहवाग आणि द्रविड घेतलेत कारण दोघांचं इंदूरशी नातं आहे, द्रविडचा जन्म इथला, १९७३ चा, आणि सेहवागने ८ डिसेंबर २०११ ला होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध १४९ चेंडूंत २१९ केले होते.

द्रविड सेहवागपेक्षा संयमाने खेळायचा. सेहवाग द्रविडपेक्षा कितीतरी जोरात मारायचा. आज सराफ्यातला गराडू (तळलेला कंद) कालच्यापेक्षा छान लागतोय. तू जितक्या लवकर निघशील तितक्या लवकर पोचशील. ती माझ्याइतकंच स्पष्ट बोलते. मी हल्ली जेमतेमच झोपतो.

उत्तरं अशी. ‘द्रविड बॅटेड मोर पेशंटली दॅन सेहवाग’, ली वाला शब्द म्हणून मोर. ‘सेहवाग हिट द बॉल मच हार्डर दॅन द्रविड’, मारायचा आहे म्हणून हार्डर, फास्टर नाही, आणि व्हेरी ऐवजी मच. ‘द गराडू टेस्ट्स बेटर टुडे दॅन इट डिड येस्टरडे’, इथला बेटर हा गुडचा आहे, वेलचा नाही, पण दोघांचं तुलनेचं रूप एकच असल्यामुळे चूक व्हायची भीतीच नाही. ‘द अर्लियर यू लीव्ह, द अर्लियर यू विल रीच’, निघण्याच्या भागात विल नाही, फक्त दुसऱ्या भागात. ‘शी स्पीक्स ॲज क्लिअरली ॲज आय डू’. आणि शेवटचं, ‘आय हॅव हार्डली स्लेप्ट लेटली’, ज्यात हार्डली आणि लेटली दोन्ही आपापल्या खऱ्या अर्थाने आलेत. एखाद्या मुलाने ‘आय स्लेप्ट हार्ड अँड लेट’ लिहिलं असेल तर त्याला दुसऱ्या पायरीवरचे ते चार फरक परत एकदा वाचायला द्या.